पहिला बिल्ला
सकाळच्या पाळीला कोणीच खाणीत उतरलं नाही. नवे मॅनेजर हजेरीच्या खिडकीशी आले. "आज कसली सुट्टी? कोणी सुरू केलं हे?" हजेरी घेणाऱ्या शोभाताईंनी जाड तारेचं कडं पुढे ठेवलं. त्यात सगळ्या कामगारांचे हजेरीचे पितळी बिल्ले ओवलेले होते. "तीस वर्षं झाली, साहेब. खाणीचं छत करकरून राहिलं होतं. टेकू लावल्याबिगर उतरत नाही म्हणून सगळ्यायनं बिल्ले परत केले. पहिला बिल्ला कोणाचा, त्याले कामावरून काढतो, म्हणे तेव्हाचा साहेब. मंग माझ्या बाबानं, तेव्हा हजेरी तेच घेत, सारे बिल्ले असे गोल ओवले. पहिला सापडलाच नाही. टेकू आले. तेव्हापासून हा दिवस आमचा." मॅनेजरांनी कडं दोनदा फिरवलं. "तुम्ही ऑफिसच्या. एक नाव सांगा, नाहीतर तुमचंच लिहितो." शोभाताईंनी पिळलेली तार उकलली, गळ्यातला आपला बिल्ला ओवला आणि टोकं पुन्हा पिळली. "आता शोधा."