दुसरी चावी

सेकंडहँड गाडीचं इग्निशन लॉक अडकायला लागलं, म्हणून थोरला भाऊ गॅरेजमध्ये गेला. मेकॅनिकने स्वतःच्या कपाटाची चावी घालून फिरवली, तर गाडी चालू! “पार झिजलंय, साहेब. कुणीही गाडी नेली असती.” थोरल्याला जुनी गोष्ट आठवली. मागे गाडी दारातून गायब होऊन पुढच्या गल्लीत चेपलेली सापडली, तेव्हा दुसरी चावी धाकट्या भावाकडे होती. “मी नाही नेली, दादा!” तो रडकुंडीला आला, तरी थोरल्याने त्याला सगळ्यांदेखत खोटारडा ठरवलं. धाकट्याने वेगळं बिऱ्हाड केलं. नवं लॉक बसताच थोरल्याने तडक त्याचं दार गाठून नवी चावी पुढे धरली. “चुकलो रे. लॉकच खराब होतं, मेकॅनिकने दाखवलं.” धाकट्याने आत बसवलं, पाणी दिलं. चावीला हात लावला नाही. “म्हणजे मेकॅनिकवर विश्वास बसला, दादा,” तो म्हणाला, “माझ्यावर नाही.”