आवाजाचा पंखा

“हा नको. याचा तं आवाजच नाही येत.”

यवतमाळच्या आपल्या दुकानात धम्मरत्ननं आणखी एक पंखा बाजूला ठेवला. कॉम्प्युटरचा पंखा घ्यायला येणारा माणूस आधी एकच विचारतो, आवाज किती करतो? जितका कमी तितका तो खूश. हे गिऱ्हाईक उलट्या खोपडीचं होतं. प्रत्येक पंखा तारेला जोडून फिरवायला लावायचं, डोळे मिटून ऐकायचं आणि मान हलवायची.

“काका, हा सगळ्यात भारी हाये. हवा दुप्पट फेकते, अन् बाजूले माणूस झोपला असन तरी त्याले पत्ता लागत नाही.”

“मले पत्ता लागनाराच पायजे, भाऊ,” घनश्याम म्हणाला.

घनश्यामचा जन्म दिग्रसच्या कापसाच्या जिनिंगमध्ये, मशीनच्या घरघरीत गेला होता. कान अर्धे गेले होते, पण उरलेल्या अर्ध्यांवर त्याचा भरवसा होता. सकाळच्या एसटीनं तो कॉम्प्युटरचा डबा चादरीत बांधून, मांडीवर घेऊन आला होता. शेजारच्या सीटवरच्या बाईनं विचारलं, काय हाये जी? पोराचं हाये, एवढंच तो बोलला.

पोरगा म्हणजे कपिल. लग्नांचे व्हिडिओ करायचा. घरात पडद्यामागं त्याचं टेबल होतं. काम रंगात आलं की डब्यातला पंखा असा घोंघावायचा की त्याची आई इंदूबाई चुलीपुढून ओरडायची, “तुही ते चक्की बंद कर रे बापा!” ती चक्की चालू आहे म्हणजे पोरगा घरात आहे, असा साधा हिशेब होता. दिवाळीनंतर एका लग्नाचं शूटिंग आटोपून येताना दारव्ह्याच्या रस्त्यावर कपिल मोटरसायकलसकट गेला.

तेरवी झाली, पाहुणे पांगले आणि घर खायला उठलं. त्या संध्याकाळी घनश्याम पडद्यामागं गेला आणि त्यानं डब्याचं बटण दाबलं. स्क्रीन कशी लावायची ते त्याला ठाऊक नव्हतं, लावायचीही नव्हती. घरघर सुरू झाली. इंदूबाईनं पदर तोंडावर ओढून घेतला. तिला आधार वाटला, असं त्यानं धरलं. तेव्हापासून रोज दिवेलागणीला बटण दाबायचं आणि सकाळी बंद करायचं. तिला कधी विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? आईच ती.

तरी इंदूबाई वाळत चालली होती. रात्ररात्र डोळे टक्क उघडे. अन्नावर वासना नाही. हात तेवढे चालायचे, तेही वाती वळायला. फोटोपुढच्या एका दिव्याला अशा किती वाती लागणार? तरी ती डबाभर वळून ठेवायची आणि प्रत्येकीच्या टोकाला, माहेरच्या रीतीनं, एक बारीक गाठ मारायची.

परवा पंखा बंद पडला. जळका वास सुटला, घरघर थांबली. इंदूबाईनं भिंतीकडे तोंड करून जी पाठ टेकली ती उठायचं नावच घेईना. हाक मारली तर ओ नाही. काल दिवसभर तशीच. शेजारची कांताबाई म्हणाली, “पडू द्या जी तिले.” पण परक्याला काय कळतं? घनश्यामला वाटलं, पोरगा गेला, आता ही चालली. कांताबाईला तिच्याजवळ बसवून त्यानं पहिली गाडी धरली होती.

धम्मरत्ननं शेवटी खालच्या कप्प्यातून एक जाडजूड पंखा काढला. “हा फॅक्टरीतल्या मोठ्या मशीनचा हाये. घरी लावसान तं शेजारी भांडाले येतीन.”

“येऊ दे.”

पंखा फिरला आणि दुकानभर घोंघावला. घनश्यामनं डोळे मिटले. पडद्यामागं कपिल बसला होता, पाठमोरा, एक पाय खुर्चीवर घेऊन. घनश्यामला हुंदका आवरेना.

“हाच लाव,” तो म्हणाला.

धम्मरत्ननं डबा उघडून जुना पंखा काढला. “दिग्रसचे डबे सारे असेच. जिनिंगची रुई उडून आत जाऊन बसते.” त्यानं चिमट्यानं आतली रुई ओढली. रुई तुटायला हवी होती. ती तुटली नाही, पिळदार, लांबच लांब निघाली. तिच्यामागं दुसरी निघाली, मग सगळा गुंताच बाहेर आला.

“काका, ह्या तं वाती हायेत. मांगच्या जाळीतून एक एक करून आत सारल्या कोनं तरी. घरी लहान लेकरू हाये काय?”

“नाही.”

घनश्यामनं एक वात तळहातावर घेतली. अर्धी जळून काळी पडली होती. टोकाची गाठ तशीच होती.

त्याला तोंडावर ओढलेला तो पदर दिसला. रात्ररात्र उघडे राहिलेले डोळे दिसले. रोज संध्याकाळी त्यानं पोराला तिच्या कानाशी आणून बसवलं होतं, आणि रोज सकाळी बटण दाबून पुन्हा मारलं होतं. आणि ती बिचारी एका शब्दानं बोलली नव्हती. मग त्याला कालची तिची पाठ आठवली. भिंतीकडे वळलेली, संथपणे वरखाली होणारी.

टेबलावर तो जाडजूड पंखा अजून घोंघावत होता. धम्मरत्ननं स्क्रू हातात घेतले. “बसवू ना, काका?”

घनश्यामनं हात लांबवून तार उपटली. दुकान गप्प झालं.

“नको लावू काही,” तो म्हणाला. “झोपू दे तिले.”