दहाच्या दहा

संगीत माणसाला मुक्त करतं, असं पिंपळे गुरवमधल्या त्या दुकानाच्या काचेवर सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं. काचेच्या आत दौलतराव दुसऱ्या पेडलशी भांडत होते.

"हेबी अडकतंय," ते म्हणाले.

पहिलं पेडल पियानोबरोबर फुकट आलेलं, साबणाच्या वडीएवढं. त्यात खोट निघाली. हे दुसरं लोखंडी, जड. त्यातही निघाली. दौलतराव पट्ट्यांवर बोटं ठेवत, पेडलवर पाय ठेवत, आणि पाय खाली गेला रे गेला की दोन्ही हात छातीशी येत. सूर निघायचाच नाही.

"काका, पेडल ठीक आहे," विक्रेता गणराज म्हणाला. "तुम्ही हात का उचलता?"

"कोण उचलतंय?"

दौलतरावांना खरंच ठाऊक नव्हतं. चाकणच्या प्रेस शॉपमध्ये त्यांची उभी हयात पत्रा दाबणाऱ्या, पायाने चालवायच्या प्रेसवर गेली होती. पत्रा ठेवायचा, हात बाहेर, मग पाय. ज्यांचा हा क्रम एकदा चुकला, ते टाळी वाजवताना ओळखू येत. संध्याकाळी दौलतराव घरी आले की रतनबाई पाण्याआधी विचारायच्या, "दहा?" आणि ते म्हणायचे, "दहाच्या दहा." रिटायर झाल्यावर त्यांनी ठरवलं, एवढी जपलेली बोटं कुठेतरी वापरली पाहिजेत. म्हणून पियानो. मेथी निवडायलाही दहाच बोटं लागतात, असं रतनबाईंचं म्हणणं होतं. ते विचारात घेतलं गेलं नाही.

पियानो परत करायचा आज शेवटचा दिवस होता. रतनबाई पर्समध्ये पावती घेऊनच आल्या होत्या. पियानो गेला की घरघंटी येणार होती. जागाही मोजून झाली होती.

"नवशिक्याला खरं तर एकच पेडल पुरतं," असं म्हणत गणराजने तीन पेडलांची अख्खी फळी काढली आणि दुकानातल्या तशाच पियानोखाली सरकवली. तेवढ्यात गिटारचं गिऱ्हाईक आलं. तो तिकडे धावला.

दौलतराव बसले. उठले. चप्पल काढून पुन्हा बसले. हात पट्ट्यांवर गेले, पाय दबला, हात छातीशी. पुन्हा तेच. पुन्हा तेच.

"देऊन टाक परत," ते म्हणाले. "माल खराब हाय."

रतनबाईंनी पावती बाहेर काढली. मग त्यांचं लक्ष गेलं. नवऱ्याने दोन्ही हात काखेत खुपसून घेतले होते, आणि तो पियानोकडे बघत नव्हता.

त्यांनी पावती पुन्हा पर्समध्ये कोंबली, शेजारचं स्टूल ओढलं, दौलतरावांचा पाय आपल्या पायाने बाजूला सारला आणि पेडलवर टाच रोवली.

"तुमी हात घाला. पाय माजा."

दौलतराव पांढरे पडले. हात आपला आणि पाय दुसऱ्याचा, याच हिशेबात शेजारच्या प्रेसवरच्या सयाजीची तीन बोटं गेली होती.

"अगं, पाय काढ."

"न्हाई काढत. इतकी वर्सं दारात उभी ऱ्हायले, ती बोटं मोडायला व्हय? घाला म्हनते ना!"

दौलतरावांनी हात पुढे केले. मागे घेतले. पुन्हा पुढे केले आणि पट्ट्यांवर ठेवले. रतनबाईंनी पेडल दाबलं. हात जागचे हलले नाहीत. मग दौलतरावांनी डोळे मिटले आणि दहाही बोटं एकदम खाली दाबली.

आवाज भयंकर झाला. गिटारचं गिऱ्हाईक दचकून वळलं.

"दहा?" रतनबाईंनी विचारलं.

दौलतरावांनी डोळे उघडले. हात उलटेपालटे करून पाहिले.

"दहाच्या दहा."

"ह्येच बांधा," रतनबाई गणराजला म्हणाल्या. "ह्यात कायबी खोट न्हाई."

गणराज फळी काढायला खाली वाकला. तिची पियानोला जोडायची वायर अजून रबरबँडमध्ये गुंडाळलेलीच होती.