इंदूआत्याचं राखीव पॅराशूट

देवाशप्पथ, गळ्याला हात लावून सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे.

सत्तरी ओलांडलेल्या इंदूआत्याने विमानातून उडी मारली. मोठं पॅराशूट उघडलं, पण दोऱ्यांना पीळ पडला, म्हणून तिने ते सोडून दिलं. आता पाठीवर फक्त राखीव उरलं. तिच्या तरुणपणी राखीव पॅराशूट पोटावर असायचं आणि मूठ ओढली की उघडायचं. मग उंची बघून आपोआप उघडणारं यंत्र आलं. या नव्याला तर मूठच नव्हती. ते छातीची धडधड ऐकायचं आणि माणूस घाबरला की उघडायचं.

आणि इंदूआत्या काही केल्या घाबरेना.

"आत्या, घाबर की गं!" खालून तिची भाची रेवा हेल्मेटमधल्या स्पीकरवर ओरडली.

"थांब गं. तापीचं वळण बघतेय. वरून अगदी कानासारखं दिसतं."

"अगं, जमीन जवळ आली!"

"दिसतंय मला. हे आता कसं उघडतं, तेच बघायचंय."

रेवाला रडू फुटलं. रडता रडता तिला एकदम सुचलं.

"आत्या, त्या राखीवची घडी मी घातलीय."

"तू? मेले, तुला साधी साडीची घडी येत नाही!"

आत्याच्या छातीत धस्स झालं आणि पॅराशूट फट्कन उघडलं.

आत्या खाली उतरल्यावर रेवा तिच्या गळ्यात पडली. "थाप मारली गं. घडी कारखान्यातलीच होती."

हे रेवाचं शेवटचं बोलणं तेवढं माझ्या पदरचं. घडी तिनेच घातली होती.