टाइमकीपर

"मामंजी, हा माऊस हलवत राहा. पाच मिनिटं थांबला तर कंपनी माझा खाडा मांडते!" घरून नोकरी करणारी सून रडत्या बाळाला घेऊन आत पळाली.

आण्णा ताठ बसले. चाळीस वर्षं ते साखर कारखान्याचे टाइमकीपर. सूर्यसुद्धा म्हणे त्यांना विचारून उगवायचा! एकदा बायको बाळंतपणात अडल्याचं कळताच जिवलग रंगनाथ गेटमधून धावत सुटला होता. "आण्णा, भोंगा झाला की माझं कार्ड तेवढं पंच कर!"

आण्णांनी केलं नाही. खाडा पडला. पुढे रंगनाथने त्यांच्याबरोबर कधी चहासुद्धा घेतला नाही.

थोड्या वेळाने सून डोकावली. "द्या मामंजी, दमला असाल."

"बाळ झोपलं?"

"अजून नाही."

"मग झोपवूनच ये," माऊस हलवत आण्णा म्हणाले. "तू कामावरच आहेस."