मागचे केस

"पेशंट कोण?" डॉक्टरांनी आधी हेच विचारलं. त्यांचंही चुकलं नाही. मारोतरावांच्या डोक्यावर बोटाच्या पेराएवढे पांढरे केस होते, आणि त्यांच्या लेकाचं, बबलूचं कपाळ पार टाळूपर्यंत चढलं होतं. बबलूने शाळेतल्यासारखा हात वर केला. मारोतरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

डॉक्टरांनी कागदावर दोन डोकी काढली. मागचे केस पक्के असतात, ते जन्मभर जात नाहीत. तेच उचलून पुढे लावायचे, असं त्यांनी सांगितलं. हे मारोतरावांना समजलं. पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, बी उगवलं नाही तिथे पुन्हा बी टोचून नांग्या भरतात, तसंच काहीतरी. घरच्या वावरात ते काम त्यांच्या बायकोचं, इंदूबाईचं होतं. ओटीत सरकी घेऊन ती तास न् तास वाकलेली असायची आणि एक जागा रिकामी सोडायची नाही.

पहिल्या पद्धतीत मागून कातडीची एक पट्टी काढायची आणि टाके घालायचे. पट्टीतली मुळं सुटी करून पुढे रोवायची. एका बैठकीत पुष्कळ केस मिळतात, वरच्या लांब केसांखाली टाके झाकून जातात. पण मागे आडवी रेघ जन्माची राहते. दुसरीत बारीक मशीनने एकेक मूळ उचलायचं. वेळ जास्त जातो, पण टाके नाहीत, दुखणं कमी, आणि मागे दिसण्यासारखी खूण राहत नाही. तरुण मुलं हीच पद्धत घेतात, असं डॉक्टर म्हणाले.

बबलू प्रत्येक वाक्याला मान हलवत होता.

"फक्त यात आधी सगळं डोकं भादरावं लागेल," डॉक्टर म्हणाले.

बबलूची मान थांबली. त्याने बापाकडे पाहिलं नाही.

तीन महिन्यांपूर्वी घाटंजीला, वाघाडी नदीच्या काठावर, इंदूबाईच्या दहाव्याला न्हावी वस्तरा घेऊन बबलूसमोर बसला होता. बबलू उठून उभा राहिला. आठ दिवसांनी दिग्रसला मुलगी बघायला जायचं आहे, आहेत तेवढे तरी राहू द्या, असं तो म्हणाला. न्हाव्याने मारोतरावांकडे पाहिलं. मारोतरावांनी टोपी काढली आणि बबलूच्या जागी स्वतः जाऊन बसले. त्या दिवशी कावळा पिंडाला फार उशिरा शिवला. दिग्रसची मुलगी नाही म्हणाली. त्यावर बापलेकांत एक शब्द झाला नव्हता.

"मग ते टाक्यावालंच करा, साहेब," बबलू म्हणाला.

डॉक्टरांना नवल वाटलं. त्यांनी त्या रेघेचं पुन्हा समजावून सांगितलं. भादरलेले केस आपोआप वाढतील, मग अडचण काय आहे, असं विचारलं.

बबलू कागदावरच्या डोक्यांकडे बघत राहिला. "मायच्या दहाव्याले नाही भादरलं म्या," तो म्हणाला. "आता बायकोसाठी कसा भादरू?"

भिंतीवरच्या फोटोंत टक्कल असतानाची आणि केस आल्यानंतरची तीच तीच माणसं हसत होती.

मारोतरावांनी मांडीवरची टोपी फिरवली.

"साहेब, हे झाल्यावर मंग कधी टक्कल कराची पाळी आली, तर याच्यातलं कोणतं चालते?"

डॉक्टर जरा हसले. एवढा खटाटोप करून आणलेले केस कोण काढतो, काका?

"पाळी येते ना," मारोतराव म्हणाले. "माय गेली. बाप हाय अजून."

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. मग सावकाश सांगितलं, की पट्टी काढली तर भादरल्यावर ती रेघ चारचौघांत दिसेल. एकेक मूळ उचललं असेल तर काही दिसणार नाही, आणि लावलेले केस भादरले तरी परत येतील. मात्र ते पक्के होईपर्यंत वर्षभर त्यांना वस्तरा लावायचा नाही.

"वर्षभर," मारोतराव म्हणाले.

त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि खुर्चीच्या हाताला धरून उठले. बबलू तसाच खाली बघत बसला होता. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"ते बिनटाक्यावालंच करा याचं, साहेब. वर्षभर मी दम धरतो."