अडकवलेला हूक

“दाजी, वर एकटे असाल तेव्हा कमरेचा पट्टा होडीला अडकवलेला हवा. ऑटोपायलट कुणासाठी थांबत नाही,” असं बजावून मेहुणा चहा करायला खाली गेला. मला खोडी सुचली. माझ्या पिवळ्या रेनकोटात उशा कोंबून त्याला सुकाणूपाशी बसवलं, टोपी खालपर्यंत ओढली, माझा पट्टाही त्यालाच बांधून हूक नीट अडकवला. आता मागे लपून गंमत बघायची! तेवढ्यात लाटेनं होडी कलली आणि मी थेट पाण्यात. ऑटोपायलट शिडाची होडी नाकासमोर हाकत निघाला. मी बोंबललो, पण वारा तिकडून इकडे होता. मेहुण्याचं मला ऐकू येत होतं, माझं त्याला नाही. दोन कप घेऊन तो वर आला, हूक ओढून पाहिला. “शहाणे झालात की, दाजी! झोपा निवांत.” त्यानं रेनकोटावर पांघरूण घातलं आणि माझाही चहा पिऊन टाकला.